आमच्यासाठी काढलेला सोपा पेपर

मी सरांच्या टेबलापाशी उभी होते. हातात घटक चाचणीचा पेपर. आठवीचा वर्ग, पेठेतली नावाजलेली शाळा, गणिताचा तास नुकताच संपलेला. सरांना सांगायला गेले होते की माझं एक गणित चुकलंय आणि तुम्ही त्याला बरोबरची खूण केली आहे. मार्क कापा म्हणायला गेले होते. असं म्हणायला कुणी जातं का? मी गेले होते. खरं बोललं की शाबासकी मिळते, असं त्या वयात वाटायचं.

सरांनी पेपर हातातही घेतला नाही. डब्याची पिशवी आवरता आवरता म्हणाले, "असू दे गं. तुम्हाला पस्तीस पुरेत. पुढचं सरकार बघतं."

पुढच्या बाकावर एकजण फिसकन हसला. मग त्याच्या मागचा. मग बरेच. सर हसले नाहीत, त्यांनी विनोद केलाच नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं.

एकट्या मुलीला सर 'तुम्हाला' म्हणाले. मान दिला नव्हता. माझ्या पाठीमागे माझी सगळी वस्ती उभी करून ते आम्हा सगळ्यांना एकदम बोलले होते. आम्ही स्वारगेटच्या बाजूच्या वस्तीत राहायचो. वडील मनपात रस्ते झाडायचे. मी हे वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या शाळेत हजेरीला आडनाव वाचलं की बाकीचं आपोआप कळायचं.

चूक काय होती तेही सांगते. घातांकांचे नियम चालू होते. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात. पाया सारखा असला की तो तसाच ठेवायचा आणि वरचे आकडे मिळवायचे. उत्तर दोनचा सातवा घात, म्हणजे एकशे अठ्ठावीस. मी खालचे दोनही एकमेकांना गुणले आणि लिहिलं, चारचा सातवा घात. ते सोळा हजारांच्या वर जातं. एवढी मोठी चूक. हीच चूक माझ्या शेजारी बसणाऱ्या शुभदाने केली होती. आम्ही अभ्यास एकत्र केला होता, चूकही एकत्रच केली.

शुभदाच्या पेपरवर लाल फुली होती. फुलीशेजारी सरांच्या बारीक अक्षरात सगळं उलगडून दाखवलं होतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन, त्याला गुणिले आणखी चार वेळा दोन. आता मोज, असं लिहिलं होतं. खाली एक रेघ मारून 'घाई करू नकोस' असंही.

माझ्या पेपरवर बरोबरची खूण. ऐटदार. एका फटक्यात पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पान उलटलं तर तिथे मी अर्धवट सोडून दिलेलं गणित होतं. त्यालाही खूण.

मला शुभदाचा हेवा वाटला. तिच्या फुलीचा हेवा वाटला. सरांनी तिचं अक्षर वाचलं होतं, ती कुठे घसरली ते शोधलं होतं, तिच्यासाठी पाच मिनिटं घालवली होती. माझ्यावर लाल शाई घालवायचीही त्यांची तयारी नव्हती. घातांक मी शुभदाच्या पेपरवरून शिकले.

सरांनी मारलं असतं तर घरी जाऊन सांगता आलं असतं. शिवी दिली असती तरी सांगता आलं असतं. त्यांनी मार्क दिले होते. याची तक्रार कशी करायची? तरीही आईला सांगितलं. आई भांडी लावत होती. म्हणाली, "मग बरंच झालं की. भला मानूस हाय म्हनायचा."

त्यानंतर मी पाहायला लागले. सर ओळीने उभं करून प्रश्न विचारायचे. आमच्या बाकापाशी आले की शुभदाला विचारायचे आणि मला ओलांडून मागच्या बाकाकडे जायचे. मी हात वर करायचे. हात दुखेपर्यंत वर ठेवायचे. सर म्हणायचे, "खाली घे, कळलं आम्हाला." वर्षभरात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. वर्षाच्या शेवटी गणितात मी चांगल्या मार्कांनी पास झाले. नववीत नव्या बाई आल्या, त्या पेपर वाचून तपासायच्या. पहिल्याच चाचणीत मी सपशेल आपटले. तेव्हा कळलं, सरांनी वर्षभर माझ्या तोंडाला पानं पुसली होती. आणि आम्ही त्यांना भला माणूस म्हणत होतो.

त्या रागावर मी गणित शिकले. प्रेमाबिमाने नाही. रागाने बीएस्सी झाले, बीएड केलं, शिकवायला लागले.

आता हडपसरच्या पुढे एका इंग्रजी शाळेत शिकवते. चहूबाजूंनी उंच सोसायट्या, मध्ये शाळा. मुलांचे आईवडील आयटीत. नोकरी कराराची, दर एप्रिलला पुन्हा सही करायची. वर्गातली पाव मुलं कायद्याने राखलेल्या मोफत जागांवर येतात, आरटीईतून. मागच्या वस्त्यांमधली, चाळींमधली. त्यांचे आईवडील त्याच सोसायट्यांत पोळ्या करतात, गाड्या धुतात, गेटवर बसतात. स्टाफरूममध्ये या मुलांना नावं नाहीत. 'आज माझ्या वर्गात दोन आरटीई आले नाहीत,' असं बोलतात. सामान कमी भरल्यासारखं.

पहिल्या घटक चाचणीच्या आधी गणिताच्या विभागप्रमुख बाईंनी मला बोलावलं. आठवीचाच वर्ग, घातांकांचाच धडा. त्या पक्क्या पुणेरी, आवाज कधी चढत नाही. म्हणाल्या, सेट ए मी काढते, तुम्ही सेट बी काढा. मी नवीन होते. विचारलं, सेट बी म्हणजे काय?

तेव्हा त्यांनी मला शाळेची रीत सांगितली. सेट ए वर्गाला. सेट बी मागच्या दोन ओळींना, म्हणजे मोफत जागांवरच्या मुलांना. मुलं हुशार की मठ्ठ, याचा संबंध नाही. यादी प्रवेशाच्या दिवशीच ठरलेली. गेल्या वर्षीचा सेट बी त्यांनी मला नमुन्याला दिला. रिकाम्या जागा भरा. जोड्या लावा. पाचचा वर्ग किती? दहाचा घन किती? पाचवी-सहावीतलं. घातांकांचा एकही नियम त्यात लागत नव्हता. सगळ्यांना वीसपैकी पंधरा, सोळा, सतरा. प्रगतिपुस्तकात फक्त मार्क छापतात, सेट कुठला ते छापत नाहीत. पालक खूश, शाळेचा निकाल उत्तम, कुणाची कटकट नाही.

"तुम्हीच काढा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला त्यांची लेव्हल बरोबर कळेल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "अहो, वाईट अर्थाने नाही म्हणत आहे."

चांगला अर्थ कोणता, ते मी विचारलं नाही. अंगाची लाही लाही झाली होती. मी नववीचं विचारलं. नववीत सेट बी आहे का? नाही, बाई म्हणाल्या, नववीपासून सगळ्यांना एकच पेपर.

म्हणजे आठ वर्षं या मुलांना पाण्यात न उतरवता पोहायला येतं असं सांगायचं आणि नववीत ढकलून द्यायचं. आठवीनंतर सरकार भरतं ती फीही बंद होते. एखाद्या बापाने पोटाला चिमटा काढून फी भरलीच, तर पोर तिमाहीत आपटतं. मग पालकांना बोलावून हळुवार आवाजात सांगतात, झेपत नाहीये हो तिला, दुसरीकडे बघा. दिवाळीपर्यंत मागच्या दोन ओळी रिकाम्या होतात. कुणी काढलं असं कुणालाच म्हणता येत नाही. मुलगीसुद्धा म्हणते, मलाच गणित येत नाही.

मी सांगितलं, मी सेट बी काढणार नाही. वर्गाला एकच पेपर द्यावा.

बाईंनी चष्मा पुसला. "समाजसेवा शाळा सुटल्यावर करावी आपण. इथे पेपर काढावा."

मी काढला नाही. चाचणी दोन दिवसांवर आलेली, दुसरं कुणी रिकामं नव्हतं. बाई म्हणाल्या, होऊ द्या मग एकदा, तोंडावर पडतील तेव्हा समजेल. त्या चाचणीला सगळ्या वर्गाने एकच पेपर लिहिला.

मुलं तोंडावर पडली. पडणारच होती. मागच्या ओळीत समीक्षा नावाची मुलगी बसते. वडील एमआयडीसीत कामाला, आई सोसायट्यांमध्ये पोळ्या करते, घर मूळचं यवतमाळकडचं. हिला सातवीपर्यंत गणितात सोळा-सतरा पडायचे. माझ्या हातून पाच पडले. पाचचा शून्य घात तिने शून्य लिहिला होता. भागाकारात घातांक वजा करायचे, तिने भागले होते. एकूण एक चुकीशेजारी मी काय चुकलं ते लिहिलं, उलगडून दाखवलं. तिचा पेपर तपासायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मला वाटलं होतं, तिला ते कळेल. तिने पेपर पाहिला, घडी घातली आणि दप्तरात कोंबला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात नुसता तिरस्कार होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. कामाच्या मधल्या वेळात आलेली, हाताला अजून पीठ. गेटवरच्या वॉचमनकडून तिने माझं आडनाव काढून घेतलं होतं. वर्गाबाहेर मला गाठून म्हणाली, "मॅडम, तुमी आपल्यातल्याच ना?"

मी हो म्हटलं.

"मंग आपल्याच पोरीले पाडता? आजपावतर कोन्या मॅडमनं नाई पाडलं तिले. मी जिथं जिथं पोया करतो, तिथं सांगून बसली, माही पोरगी हुशार हाय म्हनून."

मला रडू आलं नाही, राग आला. तिच्यावर नाही. हीच गोष्ट माझी आई दुसऱ्या शब्दांत बोलली होती. आमच्या आयांना किती स्वस्तात खूश करतात, या गोष्टीचा राग आला. मी तिला गेल्या वर्षीचा सेट बी आणि समीक्षाचा पेपर, दोन्ही दाखवणार, तेवढ्यात शिपाई आला. मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं होतं.

मुख्याध्यापक गोड माणूस. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, ताई म्हणाले. म्हणाले, "काळजी करू नका. पेपर जरा कडक तपासला गेलाय. आपण पंधरा करून टाकू." आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. समीक्षाच्या नावासमोर पाच होते. "करा, मॅडम."

मी हात लावला नाही. म्हटलं, सर, तुम्ही पेपर वाचलात का? त्यांनी वाचला नव्हता. वाचायची गरजही नव्हती, ते म्हणाले, मार्क शाळेचे असतात. मी विचारलं, पुढच्या बाकांवरच्या कुणाला पाच पडले असते तर काय केलं असतं? ते मला ठाऊकच होतं. त्यांचे पालक मेल पाठवतात, मग मुलाला पुन्हा शिकवतात आणि त्याची पुन्हा परीक्षा होते. रीटेस्ट म्हणतात त्याला. "मग हिची रीटेस्ट का नाही? हिला दहा मार्क फुकट का?"

सरांचा गोडवा थोडा उतरला. ते इंग्रजीत बोलायला लागले. समोर बसलेल्या बाईला कळू नये म्हणून. एकच वाक्य बोलले, शांतपणे, मला समजावण्याच्या सुरात.

मी समीक्षाच्या आईकडे वळले. म्हटलं, "ताई, सर आत्ता काय म्हणाले ते मराठीत सांगते. सर म्हणाले, त्या मुलांना पुढे जायचंय. यांना आपल्याला फक्त आठवीपर्यंत सांभाळायचंय."

सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी बोललेलं वाक्य परत घेतलं नाही. आठवीतल्या त्या टेबलापासून आजपर्यंत असली किती वाक्यं माझ्या अंगावरून गेली होती, आणि मी ती गिळली होती. हे गिळलं नाही.

समीक्षाच्या आईने पदराला हात पुसले. सरांना विचारलं, "अन् नववीत काय करता मंग हिचं?"

सर म्हणाले, ताई, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय.

ती उठली. कामावर जायचं आहे म्हणाली. माझ्याकडे न बघता गेली. तिने माझी बाजू घेतली नाही, सरांशी भांडली नाही. कशाच्या जोरावर भांडणार? त्याच सोसायट्यांमध्ये संध्याकाळी तिला पोळ्या करायच्या होत्या. ती गेल्यावर सरांनी स्वतःच्या हाताने पाचाचे पंधरा केले. मला बघत ठेवून केले.

मला नोटीस मिळाली. पालकांसमोर शाळेची बदनामी. करार पुढे वाढवणार नाहीत हेही तोंडी सांगून झालं. स्टाफरूममध्ये माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. विभागप्रमुख बाई चहा ओतून घेताना म्हणाल्या, "भाषांतर छान करता हो आपण." मी म्हटलं, सराव आहे.

मधल्या सुट्टीत मी मागच्या दोन ओळींना शिकवायला लागले. कुणाला विचारलं नाही. पहिले दोन-तीन दिवस चारच मुलं आली, तीही डबा खात. मग एक दिवस दारात समीक्षा उभी. तोंड फुगवलेलं. "आईनं पाठवलंय," एवढंच बोलली आणि सगळ्यांत मागे जाऊन बसली. मी फळ्यावर पाचचा घन भागिले पाचचा घन मांडलं. वर तीन पाच, खाली तीन पाच. सगळे उडाले, किती उरला? एक, मुलं म्हणाली. आता नियमाने करा, तीनातून तीन वजा. वर शून्य आला. म्हणजे पाचचा शून्य घात? समीक्षा मागून चिडून म्हणाली, "एक. पण असं आधी कोणीच का नाही सांगितलं?" मी पुढचं गणित मांडलं. सांगण्यासारखं होतं, पण ते तिच्या वयाला नको होतं.

पुढच्या चाचणीला बाईंनी सेट बी स्वतः काढून पाठवला. गठ्ठा वर्गात आला. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सेट ए चे सगळे प्रश्न फळ्यावर लिहून काढले, मागच्या ओळीला दिसतील एवढ्या अक्षरांत. मागचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचा सोपा पेपर कुठंय?"

आमचा. सात वर्षांत त्याला तो आपला वाटायला लागला होता. मी म्हटलं, तो आता नाही. तो कुरकुरत लिहायला बसला. मागच्या ओळींतली काही मुलं पडली. मिळाले तेवढेच मार्क मी लावले.

समीक्षाला नऊ पडले. पास झाली. पेपर वाटले तसा तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि तरातरा टेबलाशी आली. एका गणितात मी अर्धा मार्क कापला होता. शेवटची ओळ तिने पाचचा शून्य घात अशीच सोडली होती, पुढे एक लिहिलं नव्हतं.

"पाचचा शून्य घात म्हणजे एकच ना? तुम्हीच शिकवलं. मग लिहिलं काय अन् नाही लिहिलं काय?"

मी म्हटलं, किंमत काढायला सांगितली होती, किंमत लिहायची.

"बाकीच्यांचा पण कापलाय?"

"कापलाय."

तिचा विश्वास बसला नाही. बरोबर केलं तिने, का बसावा? ती सरळ पहिल्या बाकाकडे गेली. तिथल्या मुलाचा पेपर मागून घेतला. ज्याच्या घरी तिची आई पोळ्या करते तोच मुलगा. तिने तेच गणित शोधलं. त्यानेही तीच ओळ सोडली होती, त्याचाही अर्धा कापला होता. तिने पेपर त्याच्या बाकावर ठेवला, परत टेबलाशी आली आणि पुन्हा वाद घालायला लागली. तास संपेपर्यंत घातला. मी अर्धा मार्क दिला नाही.

बाईंना फळ्याची बातमी त्याच दिवशी कळली. आणखी एक नोटीस आली. मी तीही सही करून घेतली आहे.

एप्रिलमध्ये मला काढतील. दुसऱ्या शाळेत जाईन, तिथेही कुणीतरी गोड आवाजात मला सोपा पेपर काढायला सांगेल, कारण मला त्यांची लेव्हल कळते. कळतेच. म्हणून मी काढणार नाही. आमच्या मुलांना दया म्हणून दिलेला एक मार्क माझ्या हातून जाणार नाही, आणि त्यांच्या हक्काचा अर्धा जरी कुणी दाबून ठेवला तरी मी त्याच्या टेबलासमोरून हलणार नाही. आमच्या मुलांना पाडायचं असेल तर पाडा. पण आधी वाचा.